पाणी निवळायच्या दिवसांत

गणपती गेले की आमच्या तळ्याचं पाणी निवळायला लागतं. पावसाळाभर ते चहासारखं गढूळ असतं. चार-आठ दिवस उघडीप पडते, वारा थांबतो, ओढ्यांनी आणलेली काळी माती हळूहळू खाली बसते आणि एके सकाळी काठाजवळचे दगड दिसायला लागतात. आधी हातभर खोलीवरचे, मग दोन हात. सोयाबीन पिवळं पडलेलं असतं, बांधाच्या कडेनं तरवड फुललेला असतो, पाण्यावर चतुर घिरट्या घालत असतात. पंचांगात या दिवसांना वेगळं नाव नाही. मी आपला मनातल्या मनात त्यांना पाणी निवळायचे दिवस म्हणतो.

हे दिवस आले की माझी नात पूर्वा नऊ वर्षांची होते. एरवी ती बारा वर्षांची आहे, पुण्यात असते, सातवीत शिकते, आणि परवा आलेल्या फोटोत वडिलांच्या खांद्याला लागली होती. पण भाद्रपद संपत आला, की ती परत नऊ वर्षांची होऊन बांधावर माझ्यापुढं चालायला लागते. पायात माझ्या बायकोच्या, सुमनच्या जुन्या चपला. टाचेकडं चार बोटं रिकामी.

माझं गाव लोहारा तालुक्यातलं, भूकंपानंतर नव्यानं वसलेलं. सरळ रेषेत आखलेले रस्ते, एकसारखी घरं. मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आम्हाला एकच मुलगी होती, रेखा. सुमन गेली तेव्हा रेखा पंधरा दिवस येऊन राहिली होती. जाताना म्हणाली, "आबा, एकट्यानं राहायचं तर निदान दोन वेळा चूल पेटवा." दोन वर्षांनी रेखाही गेली. आजार होता. पुण्यातल्या दवाखान्यात, ऐन परीक्षांच्या दिवसांत गेली. पूर्वा तेव्हा तिसरीत होती.

माझे जावई प्रकाशराव एका कारखान्यात पाळीनं कामाला जातात. शाळा सुरू झाल्यावर त्यांनी दोन महिने एकट्यानं रेटून पाहिलं. मग पंचमीच्या आठवड्यात ते पूर्वाला घेऊन आले. म्हणाले, "आबा, दिवाळीपर्यंत तिला तुमच्याकडं ठेवा. तोवर मी दिवसाच्या पाळीचं काहीतरी बघतो." सोबत एक कागद होता. वांगं खात नाही. दूध गरमच लागतं. झोपताना दिवा लागतो. मी तो कागद देवघराशेजारी चिकटवला आणि फौजेतल्या हुकुमासारखा पाळायला लागलो.

पण कागदावर जे लिहिलं नव्हतं त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. पोर बोलायची नाही. "हो", "नको" आणि "चालेल" या तीन शब्दांवर तिनं महिना काढला. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तिचं नाव घातलं. ती वेळेवर जायची, वेळेवर यायची, ताट धुऊन पालथं घालायची. रडताना मी तिला एकदाही पाहिलं नाही. शेजारच्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "लई समजूतदार लेकरू हाय." मला ते ऐकून बरं वाटायचं नाही. फौजेत असे समजूतदार जवान मी पाहिले होते. काही बोलत नाहीत, सगळं वेळेवर करतात, आणि एक दिवस बराकीच्या मागं बसून राहतात, उठतच नाहीत.

एका रविवारी मी माळ्यावरून माझा मासे धरायचा रॉड काढला. त्यामागं फार मोठा विचार नव्हता. मला आयुष्यात दोनच गोष्टी नीट येत होत्या, एक कवायत आणि दुसरी ही. नऊ वर्षांच्या पोरीला कवायत शिकवण्यात अर्थ नव्हता.

ही विद्या मी हिमाचलात शिकलो. आमची पलटण तिथं एका नदीच्या वरच्या अंगाला होती. खालच्या गावातला एक म्हातारा रोज संध्याकाळी नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहायचा आणि डोक्यावरून लांबलचक दोरी मागंपुढं झुलवत राहायचा. आमच्याकडं गळाला गांडूळ लावतात, कणकेची गोळी लावतात. तो पिसाची माशी लावायचा. कोंबड्याच्या मानेचं पीस, रेशमाचा धागा आणि बारीक गळ. ती माशी पाण्यावर इतकी हलकी टेकायची की पाण्याला कळायचं नाही. थंड पाण्यातले ठिपकेवाले ट्राउट उसळी मारून तिला धरायचे. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहायला लागलो. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांनी त्यांचा रॉड मला देऊन टाकला. गावी आलो तेव्हा ट्रंकेसोबत तोही आला.

आमच्या तळ्यात ट्राउट कुठून येणार? पण चिलापी असते, मरळ असते, आणि हलणारा किडा पाहिला की तोंड उघडायचं, हे सगळ्या माशांना सारखंच कळतं. मी तळ्यावर जायला लागलो तेव्हा गावाला करमणूक झाली. लिंबाजी म्हणून माझ्याच वयाचा गडी आहे, बांधावर शेळ्या राखतो. तो पहिल्या दिवशी अर्धा तास बघत उभा राहिला आणि म्हणाला, "फौजी, पाण्याला चाबकानं कशापायी मारताय? त्यानं काय केलं तुमचं?" तेव्हापासून माझ्या रॉडचं नाव फौजीचा चाबूक.

पूर्वानं रॉडचे तुकडे एकमेकांत बसवताना पाहिलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा आपणहून विचारलं, "आबा, हे काय आहे?"

"मासं धरायचा गळ."

"एवढा लांब? मग गांडूळ कुठं लावायचं?"

"गांडूळ न्हाय लावायचं. माशी लावायची."

"माशीनं मासा?"

"व्हय. अन् माशीबी खरी न्हाय. पिसाची."

ती थोडा वेळ पिसाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्याला फसवायचं."

"व्हय," मी म्हणालो. "फसवायचंच."

आधीचे आठ दिवस आम्ही पाण्याजवळ गेलो नाही. शाळेच्या मैदानावर गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधून शिकवणी चालली. दोरी मागं टाकायची, ती मागं पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढं आणायची. सगळी गोम त्या थांबण्यात आहे. घाई केली की दोरी चाबकासारखी कडाडते आणि टोकाची माशी तुटून जाते. मोठ्या माणसांना हे थांबणं जमत नाही, मला वर्ष लागलं होतं. पूर्वाला तिसऱ्या दिवशी जमलं. ती मान वळवून मागं जाणाऱ्या लाल ठिपक्याकडं बघायची, ओठ घट्ट मिटून थांबायची, आणि मग मनगट पुढं करायची. कुणाच्या तरी कोंबड्या तो लोकरीचा तुकडा पकडायला धावायच्या. एकदा एका कोंबडीनं तो पकडला आणि सोडेचना. पूर्वाच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला. तिचं तिलाच ते नवल वाटलं असावं, कारण लगेच तिनं तोंड दुसरीकडं वळवलं.

माश्या बांधायचं काम तर तिनं माझ्याकडून काढूनच घेतलं. माझी बोटं जाड झालेली, धाग्याची शेवटची गाठ दोनदा सुटायची. तिची एका फेरीत बसायची. सुमनच्या शिलाईच्या डब्यातले धागे, लिंबाजीच्या शेळीचे काळे केस, कोंबड्याचं तांबडं पीस. दुपारभर उंबऱ्यात बसून ती माश्या बांधायची आणि मी समोर शेंगा फोडत बसायचो. दोघंही गप्प. पण ते गप्प बसणं निराळं होतं. त्यात कुणी कुणाची वाट बघत नव्हतं.

त्या वर्षी पाऊस उशिरा पडला होता, त्यामुळं तळंही उशिरा भरलं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा घट बसायला चार-पाच दिवस होते. सकाळी आठची वेळ, शाळेला सुट्टी, वारा नाही. पाणी इतकं निवळलं होतं की बांधाची सावली पार तळाच्या मातीवर पडलेली दिसत होती. पूर्वा काठावरच्या सपाट दगडावर उभी राहिली, मी तिच्या मागं दोन पावलांवर. तासभर ती टाकत होती. दोनदा चिलापीनं माशी हुंगली आणि सोडली. तिचा हात दुखायला लागला होता हे मला दिसत होतं, पण "पुरे" म्हणत नव्हती.

तेवढ्यात डावीकडं, लव्हाळ्याच्या कडेला, मला ते दिसलं. पाण्याच्या अगदी वरच्या थरात परातीएवढा लालसर डाग होता. डाग हलत होता, गोळा होत होता, पसरत होता, परत गोळा होत होता. तळ्याकाठी वाढलेल्या माणसाला ते काय असतं ते सांगावं लागत नाही. ती मरळीची पिल्लं होती, नुकती फुटलेली, शेकड्यांनी. आणि पिल्लांच्या खाली मरळ असते. त्या दिवसांत ती काही खायला म्हणून तोंड उघडत नाही. पिल्लांच्या जवळ जे येईल त्यावर ती तुटून पडते, काडी असो, बेडूक असो, माशी असो. म्हणूनच मरळ धरायची सगळ्यात सोपी वेळ ती, आणि म्हणूनच जाणती माणसं तेव्हा तिला धरत नाहीत. माझ्या वडिलांनी मला हे सांगितलं होतं. हिमाचलातल्या म्हाताऱ्यानं वेगळ्या माशाबद्दल, वेगळ्या भाषेत तेच सांगितलं होतं.

मला सगळं माहीत होतं. पण समोर ती पाठ होती, सुट्टीतही शाळेच्या गणवेशातली, एक खांदा थोडा खाली आलेला. रिकाम्या हातानं परत न्यायचं माझ्या जिवावर आलं. मला तिला एकदा, एकदाच, काहीतरी मिळालेलं बघायचं होतं.

मी म्हणालो, "पूर्वा, तिकडं टाक. त्या लाल पाण्याच्या जरा पलीकडं."

"तिथं लाल काय आहे?"

"शेवाळ आसंल," मी म्हणालो.

तिनं दोरी मागं टाकली, थांबली, आणि पुढं आणली. शेळीच्या केसांची काळी माशी लाल डागाच्या कडेला टेकली. पाणी फुटलं. इतक्या जोरात की ती दगडावरून मागं आली आणि माझ्या अंगावर आदळली. रॉड वाकला, चक्रीतून दोरी सुटत गेली. मी तिच्या हातावर हात ठेवला नाही, फक्त सांगत राहिलो, "सोड, सोड, आता धर, रॉड वर धर." दहा-पंधरा मिनिटं चाललं असेल. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि त्या चेहऱ्यावर मला माझी रेखा दिसली, लहानपणी विहिरीत पहिल्यांदा सूर मारून वर आलेली. मरळ काठाला आली तेव्हा पूर्वाच्या हाताएवढी लांब होती.

लिंबाजी शेळ्या घेऊन बांधावरून चालला होता. तो थांबला. म्हणाला, "फौजी, ही तर पिल्लावरची हाय. ते बघा तिकडं, आता पांगली पिल्लं. चिलाप्या खात्यात की त्येंना."

त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. शेळी व्याली, पाऊस पडला, तसंच त्यानं हेही सांगितलं आणि पुढं गेला.

पूर्वानं वळून पाहिलं. लाल डाग विरून गेला होता. जिथं तो होता तिथं पाणी जागोजाग टपटप फुटत होतं, वरून पाऊस पडावा तसं. ती बराच वेळ तिकडं बघत होती. मग माझ्याकडं बघून तिनं हळू आवाजात विचारलं, "आबा, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "आधी हिला सोडू."

गळ खोल, कल्ल्यापाशी रुतला होता. रक्त येत होतं. मी गळाजवळ धागा कापला आणि मरळ पाण्यात धरून मागंपुढं हलवत राहिलो. शेवटी ती हातातून सुटली आणि खाली गेली. पोहत गेली की नुसती बुडत गेली, ते मला त्या निवळलेल्या पाण्यातही कळलं नाही.

"जगेल का?" पूर्वानं विचारलं.

"जगंल की," मी म्हणालो.

ती सुमनच्या चपला हातात घेऊन अनवाणी घरी चालत गेली. पुढचे दोन दिवस परत तीच तीन उत्तरं. हो, नको, चालेल. शाळा सुटल्यावर ती एकटीच बांधावर जायची आणि लव्हाळ्याशी उभी राहून परत यायची. मी लांबून लक्ष ठेवायचो. जवळ जायचं धाडस झालं नाही. ज्यानं सीमेवर थंडीत रात्री काढल्या त्या माणसाला नऊ वर्षांच्या पोरीच्या शेजारी जाऊन उभं राहता येईना.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला वीज गेली होती, म्हणून मी ओसरीवर बॅटरीचा दिवा लावत होतो. ती उंबऱ्यात येऊन बसली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मम्मी मरणार आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

प्रश्न इतका सरळ होता की त्याला वळसा घालायला जागाच नव्हती. तरी जुनी सवय जिभेवर आली होती. देवाच्या मनात होतं, असं काहीतरी मी म्हणणार होतो. मग मला ते टपटप फुटणारं पाणी आठवलं.

"व्हय," मी म्हणालो. "माहीत होतं."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून. डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"पप्पांना?"

"त्येंनाबी."

"मम्मीला?"

"मम्मीलाबी माहीत होतं, बाळा."

तिनं बोटांवर मोजलं. "म्हणजे फक्त मला नव्हतं."

मी काय सांगणार? की रेखानंच हात धरून सांगितलं होतं, आबा, तिची परीक्षा होऊ द्या, तोवर काही सांगू नका? की आम्हा सगळ्यांना वाटलं, लेकराला कशाला आधीपासून रडवायचं? मी तेही सांगितलं. जे जे होतं ते सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मी तेव्हा आत्याकडं होते. मोबाइलवर गेम खेळत होते. मला कुणी सांगितलं असतं तर मी खेळले नसते."

आणि मग ती रडली. एप्रिलपासून साठवलेलं ते रडणं होतं. मी तिला "रडू नको" म्हणालो नाही. फक्त शेजारी बसलो आणि बऱ्याच वेळानं तिला माझी एक गोष्ट सांगितली, जी मी सुमनलाही अर्धीच सांगितली होती. मी पलटणीत होतो तेव्हा तार आली, आई सीरियस, लवकर ये. त्या काळी माणूस गेलं तरी तारेत सीरियसच लिहायचे, वाटेत धक्का बसू नये म्हणून. सगळ्या जवानांना हे ठाऊक असायचं, पण स्वतःची तार आली की प्रत्येकाला वाटायचं, आपली खरी असेल. मी अडीच दिवसांचा प्रवास केला. वाटेत आईसाठी सफरचंदं घेतली. एकेक पुसून, रुमालात बांधून. सोलापूरच्या स्टँडवर गावचा एक माणूस भेटला आणि म्हणाला, "काल तिसरा झाला की."

"मग सफरचंदांचं काय केलं?" पूर्वानं विचारलं.

"गाडीतच ठेवून उतरलो."

तिनं माझ्या लुंगीच्या टोकानं नाक पुसलं. मग म्हणाली, "आणि मरळ?"

"जगली नसंल," मी म्हणालो. "गळ लई खोल होता. पण पिल्लांना नर अन् मादी दोघंबी राखत्यात. दुसरा आसंल तर त्यो सांभाळंल राहिलेली."

"नक्की?"

"नक्की न्हाय. आसंल तर."

तिनं मान हलवली. त्या "आसंल तर"वर तिचा विश्वास बसला होता. माझ्या "जगंल की"वर बसला नव्हता.

त्यानंतरचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात भरलेला महिना होता, आणि मला तो संपणार हे रोज सकाळी उठल्याबरोबर आठवायचं. नवरात्रात गावातली माणसं तुळजापूरला चालत गेली, सोयाबीनची रास झाली, सगळीकडं भुसा उडाला. पूर्वानं तिची पहिली चिलापी धरली, तळहाताएवढी, आणि तिचं कालवण दोघांत पुरवून खाल्लं. काटे कसे काढायचे ते तिनंच मला दाखवलं, तिच्या आईनं शिकवलं होतं म्हणे. आता ती आईबद्दल बोलायची. मम्मी भात कसा करायची, मम्मीला पाल दिसली की ती पलंगावर कशी चढायची. मला माहीत नसलेली रेखा मला तिच्याकडून कळत गेली. मुलगी सासरी गेल्यावर बापाला तिची फक्त खुशाली कळते.

मनात मी एक वाक्य घोळवत होतो. प्रकाशराव, पोरगी राहू द्या हिकडंच. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ते आले. दिवसाची पाळी मिळाली होती, बहिणीच्या जवळ खोली घेतली होती. वाळले होते. पूर्वा दिसल्यावर ते नुसते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. ते वाक्य मी गिळलं.

लोहाऱ्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना ते पाण्याची बाटली आणायला गेले. पूर्वानं विचारलं, "आबा, मी इथं राहावं असं तुम्हाला वाटतं का?"

"वाटतं," मी म्हणालो. "लई वाटतं. पण तुझ्या पप्पाला तू पायजेस. माझ्यापेक्षा जास्ती."

तिनं ते ऐकून घेतलं, आणि गाडी आल्यावर खिडकीची जागा धरली. मी स्टँडवर बराच वेळ उभा होतो. घरी आलो तर देवघराशेजारचा कागद तसाच होता. वांगं खात नाही. त्या दिवशी मी वांग्याची भाजी केली. तीन महिन्यांनी केली होती. निम्मी टाकून दिली.

त्याला आता तीन वर्षं झाली. पहिल्या उन्हाळ्यात ती महिनाभर आली, दुसऱ्या दिवाळीत आठ दिवस. मग क्लास, मग शिष्यवृत्तीची परीक्षा. दर रविवारी फोन येतो. आधी अर्धा तास चालायचा, आता दहा मिनिटं. मी तक्रार करत नाही. पोरगी मोठी होते म्हणजे असंच होतं. फोन ठेवल्यावर घर थोडं मोठं वाटतं, इतकंच. मी रेडिओ लावतो. संध्याकाळी लिंबाजी येऊन ओसरीवर बसतो, पण हल्ली त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळं त्याच्याशी बोलणं म्हणजे अर्धं आपल्याशीच बोलणं. तळ्यावर एकट्यानं जातो तेव्हा कधी कधी दोरी मागं टाकून मी थांबतो, आणि पुढं आणायचं विसरून जातो.

यंदा गणपती बसायच्या आधी प्रकाशरावांचा फोन आला. आवाज अवघडलेला. म्हणाले, "आबा, मी परत लग्न करतोय. तुम्ही वडीलधारे, म्हणून कानावर घातलं. पूर्वाला अजून सांगितलेलं नाही. तिची सहामाही झाली की सांगेन. तुम्ही काही बोलू नका."

मला राग आला नाही. तरुण माणूस आहे, तीन वर्षं त्यानं एकट्यानं काढली. मी म्हणालो, "प्रकाशराव, लग्न करा. माझा आशीर्वाद हाय. पण तिला आधी सांगा. परीक्षेची वाट बघू नका."

"ती लहान आहे हो अजून."

"मागल्या येळीबी लहान होती," मी म्हणालो. "तिनं मला इचारलं तर मी खोटं बोलनार न्हाय."

ते म्हणाले, "आबा, हे आमच्या घरातलं आहे." फोन बंद झाला.

तो रविवार फोनाविना गेला. पुढचाही गेला. त्या पंधरा दिवसांत मी स्वतःला पुष्कळ विचारलं की तू कशाला मध्ये पडलास. गप्प बसला असतास तर आठवड्याची दहा मिनिटं तरी राहिली असती. आपण खरं बोललो याचं समाधान माणसाला जेवणाच्या ताटावर पुरत नाही. दुपारी तीनच्या सुमारास घर इतकं शांत व्हायचं की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना ऐकू यायचा.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, शाळा सुटायच्या वेळेला फोन वाजला. पूर्वा होती.

"आबा, पप्पांनी सांगितलं मला. लग्नाचं."

"काय म्हनाले?"

"सगळंच. त्या काकू शाळेत शिकवतात. त्यांना भेटवलं पण. मी रडले. पण पप्पांच्या समोर रडले. ते पण रडले." मग म्हणाली, "आबा, एक सांगू? तुम्हाला वाईट वाटेल."

"सांग."

"लग्न दिवाळीत आहे. म्हणजे मला यायला जमणार नाही. आणि तुम्हाला बोलावणार नाहीत. पप्पा म्हणाले, मम्मीचे बाबा तिथं असले की त्या लोकांना अवघडल्यासारखं होईल. ते तुम्हाला दुसरं काहीतरी कारण सांगतील. ते काही वाईट नाहीत, पण मी विचार केला, तुम्हाला आधी खरं कळलेलं बरं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती थांबली. तिकडं रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या, कुणीतरी तिला हाक मारत होतं, तरी ती थांबली.

"बरं केलंस," मी म्हणालो. "बरं केलंस सांगितलंस."

"वाईट वाटलं?"

"वाटलं."

"मला पण वाटलं," ती म्हणाली. मग बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.

दोन दिवसांनी प्रकाशरावांचा फोन आला. अगदी घरगुती आहे, कोर्टातच उरकणार आहोत, तुमचे गुडघे दुखतात, एवढ्या लांबचा प्रवास नको. मी त्यांना पूर्ण बोलू दिलं. म्हणालो, "बरोबर हाय तुमचं. सुखी ऱ्हावा." ते हलके झाल्याचं त्यांच्या श्वासावरून कळलं.

फोन ठेवून मी ओसरीवर येऊन बसलो. फारसं काही वाटलं नाही. वाटायचं ते दोन दिवसांपूर्वीच वाटून झालं होतं, आणि तेव्हा मी एकटा नव्हतो.